ठराव कोठे अडतो?

धोरणांच्या अभ्यासाला अलीकडे विद्यापीठांतून बरे दिवस आले आहेत. पदव्युत्तर वर्गांना ‘गुणात्मक संशोधन पद्धती’ शिकवली जाते. मुलाखत कशी घ्यावी, निरीक्षण कसे टिपावे, सरकारी कागद कसा वाचावा, एकच प्रकरण मुळापासून कसे तपासावे, हा तिचा विषय. आकडा जे सांगू शकत नाही ते माणसांच्या तोंडून आणि त्यांच्या रोजच्या व्यवहारातून समजून घ्यायचे, एवढाच तिचा साधा अर्थ आहे. परंतु शिकवण्याची रीत अशी, की ही विद्या जणू कालपरवा बोटीतून उतरली. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्याला वाटते, हे आपले काम नव्हे. आपण फार तर माहिती देणारे, घेणारे दुसरेच कोणी. त्याने स्वतःच्या वस्तीचा अभ्यास करायचे म्हटले, की त्याला तटस्थतेचा पाठ ऐकवला जातो. गावाच्या मधल्या आळीतून आलेल्याला हा पाठ सहसा कोणी ऐकवत नाही.

म्हणून ही पद्धत शिकताना आरंभ आपल्याच इतिहासापासून केला पाहिजे. सरकारचा ठराव आणि बहिष्कृत माणसाचे जगणे यांच्यामधले अंतर तपासण्याचे काम येथल्या चळवळीने फार पूर्वी हाती घेतले होते. त्याला ‘संशोधन’ म्हणण्याची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही. त्याला साक्ष म्हणत, गाऱ्हाणे म्हणत, निवेदन म्हणत.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाच्या प्रवेशासाठी अर्ज झाला. मुंबई सरकारने न्याय मुलाच्या बाजूला आहे असे मान्य केले आणि तरीही त्याला प्रवेश दिला नाही. एकासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, हे कारण. पुढे वरिष्ठांनी सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे तत्त्व सांगितले. कागदावर प्रश्न सुटला. २६ वर्षांनी, १९ ऑक्टोबर १८८२ रोजी, जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन ठेवले तेव्हा तो प्रत्यक्षात किती सुटला होता हे दिसले. महार-मांगांची मुले शाळांतून व्यवहारतः बाहेरच राहतात, कारण त्यांना वरच्या जातीच्या मुलांशेजारी बसू देत नाहीत, असे जोतीरावांनी लिहिले. सरकारने त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा काढल्या, पण त्या मोठ्या शहरांत. पुण्यात या लोकांची वस्ती ५,००० च्या वर. तिच्यासाठी शाळा एक, आणि हजेरी ३० मुलांच्याही खाली.

येथे थोडे थांबले पाहिजे. आकडे दोनच आहेत, पण त्यांच्याभोवतीची समज आकड्यांतून आलेली नाही. शेतकऱ्याचे पोर शाळेत का येत नाही? गुरे राखायला आणि शेतात लागते म्हणून. शिक्षक बहुतेक ब्राह्मण असण्याचा परिणाम काय होतो? हे जोतीरावांना ठाऊक होते, कारण १८४८ पासून त्यांनी स्वतः शाळा चालवल्या होत्या, मुले गोळा केली होती, दगडधोंडे सोसले होते. निवेदनाखाली त्यांनी आपली ओळख लिहिली ती व्यापारी, शेतकरी आणि जुना गंज पेठेतले म्युनिसिपल कमिशनर अशी. आपण कोठे उभे राहून बोलतो आहोत हे त्यांनी लपवले नाही. आजच्या पद्धतिशास्त्रात संशोधकाने स्वतःचे स्थान उघड करावे असे सांगतात. ते या सहीत झालेले आहे.

महाडची हकीकत वाचकांना तोंडपाठ आहे. मी ती धोरणाच्या अंगाने पुन्हा वाचा असे म्हणतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादुर बोले यांचा ठराव संमत झाला. सप्टेंबरात सरकारी आदेश निघाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळ, सरकार आणि नगरपालिका या तिन्ही पायऱ्यांवर धोरण ‘अमलात’ आले होते. केवळ ठराव मोजणाऱ्या अभ्यासकाने महाडपुढे बरोबरची खूण केली असती. तळ्याच्या काठावर उभे राहणाऱ्यालाच दिसले असते, की तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्यात घागर बुडवलेली नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि त्यानंतर जमावाने त्या माणसांना झोडपले. त्या दिवशी ठराव कोठे अडला होता ते साऱ्या देशाला कळले. नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी आपला ठराव मागे घेतला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळे केवळ स्पृश्यांचे, अशी अनादी काळापासूनची रूढी आहे, असे वादींचे म्हणणे. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने ही रूढी सिद्ध झाली नाही असा निर्णय दिला. दहा वर्षे झगडा चालला तो खरे तर एका प्रश्नावर : कोणाच्या आठवणीला पुरावा म्हणायचे? मुलाखतीचे टाचण घेऊन बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा खटला अभ्यासावा.

पण या पद्धतीचा सर्वांत मोठा धडा मला स्टार्ट समितीच्या कामात दिसतो. अस्पृश्य व आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने १९२८ साली ती नेमली. ओ. एच. बी. स्टार्ट अध्यक्ष, सभासदांत बाबासाहेब आणि डॉ. पी. जी. सोळंकी. समितीने जिल्ह्यांत हिंडून लोकांना भेटून माहिती घेतली आणि १९३० साली अहवाल दिला.

१९२९ साली बाबासाहेब या चौकशीसाठी खानदेशात होते. धुळ्याच्या मार्गावरील एका गावात सामाजिक बहिष्काराचे प्रकरण घडले होते, त्याची माहिती घेऊन ते परतत होते. चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी रात्री राहण्याचा आग्रह धरला. स्टेशनवर सुमारे तासभर खोळंबा झाला, मग एक टांगा आला. टांगा हाकणारा नवखा दिसत होता. नदीवरच्या मोरीवर चाक दगडांत अडकले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. पाय मोडला. हे का घडले, ते त्यांनी नंतर विचारले तेव्हा कळले. महाराला टांग्यात बसवून हाकायला टांगेवाल्यांनी नकार दिला होता. पाहुण्याने महारवाड्यापर्यंत पायी यावे हे वस्तीला आपल्या इभ्रतीला कमी वाटले. तडजोड अशी झाली, की मालकाने टांगा भाड्याने द्यावा, हाकणारा वस्तीने पाहावा. वस्तीतला एक जण हाकायला बसला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकलेला नव्हता. ही हकीकत त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात स्वतः नोंदवली आहे.

सरकारने नेमलेला सभासद, बॅरिस्टर, परदेशी पदव्या घेतलेला माणूस, आणि ज्या गोष्टीची चौकशी करायला तो आला ती गोष्ट स्टेशनातच त्याची वाट पाहत होती. स्पृश्य सभासदाला चाळीसगावात टांगा लगेच मिळाला असता, आणि त्याच्या वहीत ही नोंद कधीच पडली नसती. तटस्थतेच्या नावाने ज्यांना स्वतःची वस्ती अभ्यासू दिली जात नाही त्यांनी हे उत्तर पाठ करून ठेवावे. बाबासाहेबांनी स्वतःला इजा झाली एवढेच लिहून सोडले नाही. उशीर का झाला, नकार कोणी दिला, वस्तीने काय ठरवले, तिची इभ्रत कशात गुंतली होती, हे सारे विचारून घेतले. आणि इभ्रतीपायी पाहुण्याच्या जिवाचा विचार राहून गेला हेही आपल्याच माणसांविषयी स्पष्ट लिहिले. आपल्यातला असणे म्हणजे आपल्यांची बाजू सावरून घेणे नव्हे.

समितीच्या अहवालातला बहिष्काराचा भाग आजही वाचण्यासारखा आहे. जमिनीवरून काढणे, मजुरी बंद करणे, गावकामाचा मोबदला थांबवणे, नेहमीची वाट अडवणे, वाण्याने माल न देणे, अशी हत्यारे तेथे नोंदवली आहेत. कारणे काय? सार्वजनिक विहिरीवर जाणे हे तर झालेच. पण चांगले कपडे वा दागिने घालणे, जमीन विकत घेणे, नवरदेवाला घोड्यावरून मिरवणे, एवढ्यावरूनही गाव बहिष्कार पुकारी. अशी यादी कचेरीत बसून तयार होत नाही. ती गावोगावच्या तोंडी साक्षींतूनच येते. गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी संरक्षणाची मागणी मांडली तेव्हा त्यांनी याच अहवालाचा आधार घेतला, आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवावा म्हणून ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा दाखला दिला. आपल्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामाजिक वा आर्थिक बहिष्काराचा स्वतंत्र उल्लेख आला तो २०१५ च्या दुरुस्तीने. मधली वर्षे वाचकाने मोजावीत.

या परंपरेतही एक मोठी पोकळी होती. साक्षी दिल्या त्या बहुतेक पुरुषांनी. विहिरीवर जाणारी, वाण्याच्या दारातून परत फिरणारी बाई अहवालात क्वचितच स्वतः बोलते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढून त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले, तेव्हा ही पोकळी थोडी भरली. त्या वेळी कित्येकजणी म्हाताऱ्या झाल्या होत्या. आणखी दहा वर्षे कोणी गेले नसते तर विचारायचे कोणाला?

आज आपली मुले कुठल्या ना कुठल्या पाहणीचे फॉर्म भरायला वस्त्यांत जातात. फॉर्ममध्ये हो आणि नाही असे दोन चौकोन असतात. ‘योजनेचा लाभ मिळाला का?’ ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, सरपंच खुर्ची टाकून बसलेला असताना विचारले तर ‘मिळाला’. तोच प्रश्न संध्याकाळी चुलीपाशी विचारला तर उत्तर लांबते : अर्ज कोणी लिहिला, किती खेटे घातले, पैसे हातात आले की उधारीत गेले. दोन्ही उत्तरे टिपली पाहिजेत. पहिले खोटे म्हणून फेकून देऊ नये. कोणासमोर माणूस काय बोलतो, हाही पुरावाच आहे. कोणी गप्प बसला तर तेही तारीख घालून लिहावे.

असे काम किती दूर जाते याचे अलीकडचे उदाहरण मैला वाहण्याच्या प्रथेचे आहे. बंदीचा कायदा १९९३ चा. सफाई कर्मचारी आंदोलन २००३ साली सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा काही राज्यांनी आपल्याकडे ही प्रथाच नाही असे शपथेवर सांगितले. आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून कोरड्या संडासांची छायाचित्रे आणि तेथे काम करणाऱ्यांची माहिती जमवून न्यायालयापुढे ठेवली. २७ मार्च २०१४ रोजी निकाल लागला. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश त्यात आहे. ती माहिती गोळा करणाऱ्यांत अनेकजण त्याच घरांतले होते. शोधायला कोठे जायचे, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही.