वस्तीत कुटुंब जीवन शिक्षणाचा वर्ग कसा चालवावा

वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, प्रवचने होतात, पौर्णिमेला खीरदान होते. याच तीन महिन्यांत आठवड्यातली एक संध्याकाळ कुटुंबासाठी ठेवता येते. नवरा-बायकोचे नाते, वयात येणारी मुले, घरचा पैसा, लग्न, व्यसन, म्हातारी माणसे अशा विषयांवर एकत्र बसून शिकणे म्हणजे कुटुंब जीवन शिक्षण. हे समुपदेशन नव्हे, आणि भांडलेल्या जोडप्याला समोर बसवून निवाडा देणे तर नव्हेच.

या कामाला आपल्याकडे भक्कम आधार आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागत एका गृहपतिपुत्राला सहा दिशा म्हणजे सहा नाती, हे समजावतात. त्यात पतीची पाच कर्तव्ये आहेत: पत्नीचा मान राखणे, अवमान न करणे, एकनिष्ठ राहणे, घरातला अधिकार तिच्या हाती देणे, तिला दागिने देणे. आपल्याकडे हे सुत्त सांगताना पत्नीची कर्तव्ये तेवढी खुलवून सांगितली जातात. वर्गात पतीची आधी वाचावीत.

बाबासाहेबांनी तर हा विषय थेट सभागृहात नेला. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी लग्नाची घाई करू नका, मुलांची संख्या मर्यादित ठेवा, पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, असे सांगितले. आज वस्तीत हे विषय काढायला आपणच लाजतो!

आता प्रत्यक्ष काम. आम्ही पहिल्यांदा असा कार्यक्रम घेतला तेव्हा मोठा बॅनर लावला, चार वक्ते बोलावले, सत्कार आणि हारतुरे यातच तास गेला. नऊ वाजता बायका उठून गेल्या, कारण पहाटे नळाला पाणी येणार होते. पुरुष मागे उभे राहून मोबाईल बघत होते. तेव्हापासून आधी घरोघर जाऊन विचारतो. पंधरा-वीस घरे पुरतात. कोणती वेळ मोकळी असते, कशावर बोलायला आवडेल, कशावर बोलायला नको वाटते, एवढेच विचारायचे. धुणीभांडी करणाऱ्या बाईची मोकळी वेळ आणि रिक्षावाल्याची मोकळी वेळ जुळत नाही, म्हणून सुरुवातीला दोन गट वेगळे ठेवावेत. चौथ्या-पाचव्या बैठकीला एकत्र आणावे, त्याआधी नको.

सुरुवात पैशापासून करावी, हा आमचा अनुभव. लैंगिकतेपासून केली तर माणसे पुन्हा येत नाहीत. व्यसनापासून केली तर ज्याने यायला हवे तोच येत नाही. महिन्याचा खर्च कागदावर मांडायला लावला, की दारू, गुटखा, कर्जाचा हप्ता, मुलांची फी सगळे आपोआप बाहेर येते. त्याच सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडचणीच्या दिवसांसाठी. हातावर पोट असणाऱ्याला हा हिशेब जमणार नाही, हे प्रामाणिकपणे कबूल करून मग चर्चा करावी.

वीस ते पंचवीस माणसे, गोल बैठक, दीड तास. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला एक डबा ठेवावा; खरे प्रश्न त्यातूनच येतात. वर्ग घेणाऱ्यांची जोडी असावी, एक स्त्री, एक पुरुष. लहान मुलांना सांभाळायला कोणीतरी हवेच, नाहीतर तरुण आया येत नाहीत.

एका गोष्टीत चूक परवडत नाही. वर्गात कोणी मारहाणीबद्दल बोलले तर ‘घरचा मामला’ म्हणून विहारात समेट घडवू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलेला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १८१ हा महिलांसाठीचा आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक फळ्यावर कायम लिहिलेला असावा. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे. म्हणून ‘इथले काही बाहेर जाणार नाही’ असे सरसकट आश्वासन कधीच देऊ नये. ही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगावी.

लग्नाच्या बैठकीत दोन गोष्टी हमखास विचारल्या जातात. बौद्ध विवाहाला आजही १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो, हे ऐकून तरुण चकित होतात. त्यावर वाद होऊ द्यावा. दुसरे, विहारातला विधी झाला तरी विवाहाची सरकारी नोंदणी करावीच लागते. पोटगी, वारसा, पासपोर्ट, सगळीकडे तो दाखला उपयोगी पडतो. नोंदणीचा कोरा अर्ज सोबत नेऊन तिथेच भरून दाखवावा.

अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. त्यानंतर महिन्याभराने त्याच पंधरा-वीस घरांत पुन्हा जावे, तीच वही घेऊन.