दुसऱ्याच्या मनातले ‘ऐकू’ येते तेव्हा

दुसऱ्याच्या मनातले जाणण्याच्या सिद्धीला भारतीय परंपरेत जुने स्थान आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील विभूतिपादात परचित्तज्ञानाचा उल्लेख येतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील योग्याला तर मुंगीचेही मनोगत उमगते. अशा सिद्धी समाधीच्या वाटेतील अडथळे आहेत, असे त्याच विभूतिपादात बजावले आहे. ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा कोणतीही साधना न करता एकाएकी ‘वर्गातल्या मुलांच्या मनातले मला ऐकू येते’ असे सांगू लागला, की घरच्यांना आधी ही परंपरा आठवते किंवा बाहेरच्या बाधेची शंका येते. वैद्यकशास्त्र त्याकडे लक्षण म्हणून पाहते.

‘टेलिपथी’ हा शब्द 1882 मध्ये फ्रेडरिक मायर्स यांनी रूढ केला. त्याच सुमारास इंग्लंडमधील बक्स्टनच्या क्रीरी नावाच्या धर्मोपदेशकांच्या मुली गाजत होत्या. दुसऱ्याने मनात धरलेला पत्ता त्या ओळखतात, असे विल्यम बॅरेट यांच्यासारख्या भौतिकशास्त्रज्ञालाही वाटले होते. पुढे 1887 मधील प्रयोगांत या बहिणी नजरेच्या खुणांनी, आणि मध्ये पडदा असेल तर पाय घासून वा खोकून, एकमेकींना उत्तर पुरवताना आढळल्या. ज्यांनी त्यांना प्रसिद्धी दिली होती त्या संशोधकांनीच हे जाहीर केले, हा त्यांचा मोठेपणा. अमेरिकेत जे. बी. ऱ्हाइन यांनी 1934 मध्ये 25 पत्त्यांच्या संचावरील प्रयोग प्रसिद्ध केले. नुसत्या अंदाजाने त्यातील सरासरी पाच पत्ते बरोबर येतात. त्याहून अधिक येत असल्याचा त्यांचा दावा होता. काटेकोर बंदोबस्तात इतरांना तो निकाल विश्वासार्हपणे पुन्हा मिळवता आला नाही. अलीकडे महाराष्ट्रातही ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली मुलांना डोळे बांधून वाचायला लावणारे वर्ग निघाले. पट्टी आणि नाक यांमधील फटीतून खाली दिसते, एवढेच त्यातले रहस्य. अशी मुले आजारी नसतात, ती शिकवलेली असतात.

ज्याला खरोखरच आवाज येतात, त्याची गोष्ट निराळी. तो फसवत नसतो.

कुमारवयात ‘सगळे माझ्याकडेच पाहतात, माझ्याविषयीच बोलतात’ ही भावना स्वाभाविक असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये तिला ‘काल्पनिक प्रेक्षक’ असे नाव दिले. वय वाढते तशी ती ओसरते. काही मुलांत मात्र तिच्या जागी ठाम खात्री येते. इतरांचे विचार शब्दांत कानावर पडतात, आपले विचार इतरांना ऐकू जातात, कोणी तरी आपल्या डोक्यात विचार घालते, असे त्यांना वाटू लागते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांनी स्किझोफ्रेनियाच्या प्रमुख लक्षणांत अशाच अनुभवांची गणना केली होती. माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हा ‘हे माझेच बोलणे’ अशी खूणगाठ मेंदू बांधून ठेवतो. ती सुटली, की स्वतःचाच विचार परक्याच्या आवाजात ऐकू येतो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

आवाज आला म्हणजे स्किझोफ्रेनियाच, असेही नव्हे. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांचा 2012 मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात 13 ते 18 वयोगटातील सुमारे साडेसात टक्के मुलांनी असे काही तरी अनुभवल्याचे दिसले. बहुतेकांत ते तात्पुरते असते. दीर्घ जागरण, तीव्र ताप, अपस्मार, मेंदूची सूज, गांजाचे सेवन यांमुळेही भास होतात. म्हणून शारीरिक तपासणी आधी हवी. चिंता करावी ती आवाजांसोबत झोप उडाली, मित्र तुटले, अभ्यास एकाएकी घसरला, मुलगा खोलीत कोंडून घेऊ लागला तर. आवाज स्वतःला इजा करण्याचा हुकूम देत असतील, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. तसे विचारल्याने नसलेली कल्पना डोक्यात शिरत नाही. ‘सांग बघू, माझ्या मनात काय आहे?’ अशी परीक्षा मात्र कोणी घेऊ नये. तिने मुलगा खोटा ठरतो. आवाज काही थांबत नाही.

कल्याण-कसारा मार्गावरील वाशिंदला आगगाडी 1855 मध्येच पोहोचली. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 पासून उभे आहे, आणि लोकलने हे अंतर साधारण तासाभराचे. तरीही शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात पहिली फेरी अनेकदा भगताकडे होते. याला केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे ठरेल. भगत ओळखीचा असतो, घरच्यांचे सगळे ऐकून घेतो, आणि त्याच्याकडे गेल्याने कोणी मुलाला ‘वेडा’ म्हणत नाही. मुलीच्या बाबतीत तर लग्नाची धास्ती मनोरुग्णालयाच्या पायरीपर्यंतही जाऊ देत नाही. आजार सुरू झाल्यापासून उपचारापर्यंतचा काळ जितका लांबतो, तितके पुढे सुधारणे कठीण जाते. नुकसान होते ते या गेलेल्या महिन्यांनी.

भगताकडे जाणे हा गुन्हा नाही. परंतु भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने दंडनीय ठरवले आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड होऊ शकतो. या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली, आणि त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला.

उपचारांत भास कमी करणारी औषधे, समुपदेशन आणि कुटुंबाचे मार्गदर्शन यांचा समावेश असतो. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण. ठाण्यापर्यंत जाण्याआधी कोणाशी बोलावे, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक 14416. ती विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.