गिऱ्हाईक, देव आणि सेलू

सेलूच्या शाखेत माझी बदली झाली तेव्हा पहिला महिना मी एकच खुलासा करत होतो: हे सेलू परभणीचं नव्हे, वर्ध्याचं. तरी व्हायचं ते झालंच. घरून पाठवलेलं दिवाळीच्या फराळाचं पार्सल परभणीच्या सेलूत आठवडाभर पाहुणचार घेऊन आलं, तोवर चिवड्याची आणि अनारशांची इतकी घसट झाली होती की कोण कोणाचं ते ओळखू येईना.

पण या दुःखात मी एकटा नाही. महात्मा गांधी 1936 साली वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले, आणि त्यांचं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं. माझ्यासारख्यानं टपालखात्याच्या नावानं बोटं मोडली असती. तिथे 1940 साली गावाचंच नाव बदललं, सेवाग्राम केलं. सेवेत खोट निघाली तर गावाच्या नावातच सेवा घालायची, असं गिऱ्हाईक पुन्हा होणे नाही!

हे सगळं आठवायला कारण घडले आमचे मेहुणे. ते पुण्यात संगणकाच्या कंपनीत असतात आणि आठवड्याच्या शेवटी त्यांना शीण येतो. सेलूला आल्याआल्या त्यांनी विचारलं, "भावजी, इथला लोकल पब कुठला?"

मी म्हटलं, "इथे लोकल आहे ती फक्त मी."

वाचकहो, वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून आहे आणि आजही आहे. गांधींचा सेवाग्राम आश्रम एका बाजूला, विनोबांचं पवनार दुसऱ्या बाजूला. मधे बीअर बार उघडायचा म्हणजे देवळाच्या सभामंडपात खाटिकखाना काढण्यासारखंच. मेहुण्यांना एवढ्यानं पटेना, म्हणून मी त्यांना इतिहास सांगायला बसलो. (बी.कॉम.ला इतिहास नव्हता. तेव्हापासून तो मला आवडतो.)

ज्या खात्याला आपण आज 'राज्य उत्पादन शुल्क' म्हणतो त्याचं जुनं नाव आबकारी. आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. पाण्याच्या या कामात इंग्रजांचं डोकं फार चाललं. मुंबई इलाख्यात 1878 साली आबकारी कायदा आला आणि ताडीच्या झाडावरही कर बसला. सरकारला पिणाऱ्याची काळजी नव्हती, जमाखर्चाची होती. पुढे 1937 साली प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली आणि वहीचं पान उलटलं. आमच्या मध्यप्रांतात 1938 साली दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्याचा कायदा 1949 चा. तो आजही महाराष्ट्राचा मूळ कायदा आहे. नंतर साठच्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, बंदी सैल झाली; पण कायदा मोडीत काढला नाही, त्याला परवान्याचं ठिगळ लावलं. म्हणून आपल्याकडे पबचं खरं मराठी नाव आहे 'परमिट रूम'. कायद्याच्या भाषेत आत बसलेला प्रत्येक इसम परवाना खिशात घालूनच बसलेला असतो. एका दिवसाचा परवानाही मिळतो, विदेशी दारूला पाच रुपये. तो प्रत्यक्ष कोणी मागितल्याचं मात्र माझ्या ऐकिवात नाही.

"इतिहास झाला," मेहुणे म्हणाले. "आता भूगोल सांगा. हद्द कुठे संपते?"

हद्द केळझरच्या पुढे संपते. रविवारी दुपारी मेहुण्यांच्या गाडीतून (ड्रायव्हर माळकरी होता, ही जमेची बाजू) आम्ही नागपूर जिल्ह्यात शिरलो. हद्दीपलीकडच्या एका परमिट रूममध्ये अंधार इतका होता की मेनूकार्ड चाचपून वाचावं लागलं. वीस मिनिटांनी वेटर आला. मेहुण्यांनी थंडगार बीअर मागितली. पंधरा मिनिटांनी जी आली ती चहाच्या भावाची होती, म्हणजे उष्णतेच्या बाबतीत. शेंगदाण्यांना जुन्या तेलाचा वास होता. ग्लासाच्या काठावर आधीच्या गिऱ्हाइकाची आठवण होती. आणि बिलात आम्ही न मागितलेला एक पापड होता, तोही मसाला.

मेहुणे खवळले. "मॅनेजरला बोलवा!"

"म्यानेजर जेवाले गेले जी," वेटर म्हणाला.

"मग तक्रारवही आणा."

"तक्रारवही कपाटात हाय. कपाटाची चाबी म्यानेजरपाशी हाय."

हे संवाद मला कुठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. तेवढ्यात वेटरनं वाकून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुमी सेलूच्या बँकेतले ना जी? मी पासबुक छापाले तीन खेपा आलो होतो. तुमी म्हनलं, मशीन बंद हाय, सोमवारी या. मी काही म्हनलो का तवा?"

मी तो पापड खाल्ला. बिलात होताच.

परतताना मेहुण्यांनी विलायतेचं उदाहरण काढलं. तिकडे म्हणे पबमध्ये बीअर बिघडली म्हणून चार मित्रांनी 1971 साली चळवळच काढली, अस्सल बीअरसाठी. आज तिचे सभासद लाखाच्या वर आहेत. उदाहरण खरं आहे. पण आपणही मागे नव्हतो. मुंबईत 1975 साली ग्राहक पंचायत निघाली आणि 1986 साली ग्राहक संरक्षण कायदा आला. म्हणजे ज्या सुमारास विलायतेतलं गिऱ्हाईक बीअरच्या चवीसाठी भांडत होतं, त्याच सुमारास मुंबईचं गिऱ्हाईक डाळतांदळासाठी एकत्र येत होतं आणि वर्ध्यात दुकानच बंद होत होतं. ज्याची त्याची तहान!

आता दुकान बंद म्हणजे माल बंद, असं समजण्याइतका मी भोळा नाही. मोहाची फुलं कायदा वाचून गळत नाहीत. ज्याला हवी त्याला ती जिल्ह्यात मिळते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ती पावतीशिवाय मिळते. ज्याला पावती नाही त्याला तक्रार नाही, आणि तक्रार नसलेलं गिऱ्हाईक म्हणजे निव्वळ सावज. तरी याचा दोष एकट्या बंदीला देता येत नाही. मुंबईत बंदी कुठे आहे? तिथे मालवणीत 2015 सालच्या जूनमध्ये विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. स्वस्त दारू पिणाऱ्याला ग्लासात काय आहे हे विचारायची सोय दोन्हीकडे नाही.

आमच्या शाखेत भिंतीवर एक पाटी आहे. बहुतेक बँकांत असते: गिऱ्हाईक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा माणूस, वगैरे. खाली महात्मा गांधींचं नाव. काही पाट्यांवर 'दक्षिण आफ्रिका, 1890' असंही छापलेलं असतं. आता 1890 साली गांधी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत ते 1893 साली गेले. जवळजवळ हेच शब्द 1941 साली अमेरिकेतल्या स्टूडबेकर मोटार कंपनीच्या एका विक्रीप्रमुखाच्या नावावर छापलेले सापडतात. थोडक्यात, वाक्य मोटार विकणाऱ्याचं आणि सही बापूंची. बँकेत ही सही पास कशी झाली कोण जाणे. आम्ही एरवी 'र'ची वेलांटी चुकली तरी चेक परत करतो.

सोमवारी मी त्या पाटीखाली बसलो होतो. खिडकीशी एक बाई आली. मजुरीला जाणारी. ही तिची तिसरी खेप. पहिल्यांदा फोटो नव्हता म्हणून मी परत पाठवली होती, दुसऱ्यांदा जेवणाची वेळ झाली म्हणून. आज तिनं सगळे कागद पदराच्या गाठीतून काढले आणि हळूच विचारलं, "साहेब, खातं माह्या एकटीच्या नावानं होईन ना? त्याचा अंगठा लागन तं पैसे राहत नाही."

दारूच्या साऱ्या इतिहासात हे गिऱ्हाईक मला कुठेच दिसलं नव्हतं. ते पीत नाही, पण बिल तेच भरतं. आबकारीच्या वहीत त्याची नोंद नाही. खूप उशिरा सरकारनं त्याच्यासाठी एक खिडकी उघडली, ती आडव्या बाटलीच्या मतदानाची: गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली आडवी केली की परवान्याचं दुकान बंद. वर्ध्यात ती आधीच आडवी आहे. पण या बाईच्या घरात ती रोज संध्याकाळी उभी राहत होती. कोमट बीअरसाठी आम्ही पेट्रोल जाळून हद्द ओलांडली. ही मजुरी बुडवून तीनदा आली, आणि तक्रारवही मागितली नाही.

खातं जेवणाच्या सुट्टीआधी उघडलं. पासबुकही छापून हातात दिलं.

मशीन सुरूच होतं. बटण फक्त कोणी दाबत नव्हतं. त्या वेटरलाही निरोप धाडला आहे: सोमवारी या. या खेपेला खरंच या.