ओळखीच्या खुणा का टिकल्या नाहीत

पासवर्डची मुदत आज संपते आहे, एक करारनामा सहीसाठी थांबला आहे, मेलबॉक्स भरत आला आहे, सहकाऱ्याने एक फाइल तुमच्यासाठी खुली केली आहे. कार्यालयीन सॉफ्टवेअरकडून येणाऱ्या अशा सूचना नोकरदार माणसाच्या दिवसाचा भाग झाल्या आहेत आणि त्यांच्या हुबेहूब नकलाही तितक्याच सवयीच्या झाल्या आहेत. अशा नकली ईमेलला फसू नये म्हणून कर्मचाऱ्यांना खुणा शिकवल्या जातात: शुद्धलेखन पाहा, पाठवणाऱ्याचा पत्ता पाहा, ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह पाहा. सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असतो. पण फिशिंगचा, म्हणजे अशा नकली संदेशांनी फसवण्याचा, जवळपास तीस वर्षांचा इतिहास वेगळेच सांगतो. लोकांना शिकवलेली प्रत्येक खूण काही वर्षांत फसवणाऱ्यांनीही उचलली. टिकली ती एकच कसोटी: ईमेल दिसतो कसा यापेक्षा तो मागतो काय, आणि ती मागणी त्याने दाखवलेल्या वाटेने न जाता पडताळता येते का.

खुणांच्या या कमकुवतपणाचे मूळ ईमेलच्या रचनेतच आहे. ईमेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे कसा जावा याचे नियम ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी नोंदवले. तेव्हाचे जाळे संशोधकांचे आणि विद्यापीठांचे होते, एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्यांचे होते. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलेले नाव खरे आहे का, हे तपासण्याची सोय त्या नियमांत नव्हती. नव्वदच्या दशकात सामान्य माणूस या जाळ्यावर आला आणि या उणिवेची किंमत कळली. १९९५ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या सेवेच्या ग्राहकांना, आपण कंपनीचेच कर्मचारी आहोत असे भासवून, पासवर्ड विचारले जाऊ लागले. हे काम आपोआप करणारे ‘एओहेल’ नावाचे सॉफ्टवेअरही फिरत होते. त्यावर कंपनीने संदेशाच्या चौकटीतच इशारा छापला की आमचा कोणीही कर्मचारी तुमचा पासवर्ड विचारणार नाही. हा पहिला बचाव पुढच्या कित्येक बचावांपेक्षा शहाणा होता. संदेश खरा दिसतो की खोटा, हा प्रश्न त्याने ग्राहकावर टाकला नाही. मागणीच अमान्य ठरवली.

हा शहाणपणा पुढे मागे पडला. २००३ च्या आसपास पेपाल, ईबे आणि बँकांच्या नावाने बनावट ईमेलची लाट आली, तेव्हा ग्राहकांना दिसण्यावरून पारख शिकवण्यावर भर दिला गेला. या पारखीची परीक्षा २००६ मध्ये रचना धमिजा, जे. डी. टायगर आणि मार्टी हर्स्ट या संशोधकांनी घेतली. त्यांनी २२ जणांना खरी-खोटी संकेतस्थळे दाखवली. सगळ्यात सफाईदार नकलेला ९० टक्के लोक फसले आणि जवळजवळ एक चतुर्थांश लोकांनी ब्राउझरमधील पत्त्याच्या पट्टीकडे किंवा सुरक्षेच्या चिन्हांकडे पाहिलेच नाही. हे लोक बेफिकीर नव्हते. आपली परीक्षा चालू आहे हे त्यांना माहीत होते. कुलपाच्या चिन्हाचे पुढे काय झाले, तेही बोलके आहे. ते चिन्ह मिळवून देणारी प्रमाणपत्रे फुकट मिळू लागली, ही इंटरनेटसाठी चांगलीच गोष्ट होती. पण २०१९ च्या अखेरीस अँटी-फिशिंग वर्किंग ग्रुपच्या अहवालात फिशिंगच्या सुमारे तीन चतुर्थांश संकेतस्थळांवर तेच कुलूप आढळले. शेवटी २०२३ मध्ये गूगलने क्रोममधून हे चिन्ह काढले, कारण लोक त्याचा अर्थ विश्वासार्हता असा घेत होते.

बँकांच्या नकलेपेक्षा कार्यालयीन सॉफ्टवेअरची नक्कल अधिक घातक ठरली. २०१० नंतर फाइली, सह्या, बिले, रजेचे अर्ज असे सगळेच ऑनलाइन सेवांवर गेले आणि प्रत्येक सेवा ईमेलमधून लिंक पाठवू लागली. लिंक दाबा आणि पासवर्ड टाका, ही सवय फसवणाऱ्यांनी लावली नाही; कार्यालयांनीच ती रोजच्या कामातून लावली. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या सुरक्षा इशाऱ्यासारखा ईमेल आला. प्रचार कार्यालयातील तांत्रिक मदतनीसाने तो अस्सल असल्याचे कळवले. आपल्याला उलट लिहायचे होते, असे त्याने नंतर सांगितले. त्याच उत्तरात त्याने पासवर्ड बदलण्याचा गूगलचा खरा पत्ता दिला होता. वापरली गेली मात्र मूळ ईमेलमधलीच लिंक. म्हणजे ओळखण्यात चूक होऊनही योग्य वाट हाताशी होती आणि ती धरली असती तर खाते वाचले असते. पुढच्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, डॉक्युसाइन या ऑनलाइन सह्यांच्या सेवेच्या ग्राहकांचे ईमेल पत्ते चोरीला गेले आणि त्या पत्त्यांवर सहीच्या विनंतीसारखे दिसणारे बनावट ईमेल गेले. ज्यांना अशा विनंतीची सवय होती, नेमक्या त्यांनाच ते पोहोचले. त्याच महिन्यात ‘गूगल डॉक्स’ असे नाव धारण केलेल्या एका ॲपने गूगलच्या खऱ्या पानावरच लोकांकडून खात्यात शिरण्याची परवानगी घेतली. पत्ता तपासणाऱ्या सावध माणसालाही तिथे खरा पत्ताच दिसला असता.

यावर पहिला आक्षेप असा घेता येईल की आता तंत्रज्ञानाने ही उणीव भरून काढली आहे. ते अंशतः खरे आहे. एसपीएफ, डीकेआयएम आणि २०१२ मध्ये आलेले डीमार्क या ईमेलचा उगम तपासणाऱ्या व्यवस्थांमुळे दुसऱ्याचे डोमेन थेट वापरणे अवघड झाले, आणि फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या प्रमाणावर ईमेल पाठवणाऱ्यांना ही व्यवस्था सक्तीची केली. पण ही व्यवस्था एवढेच सांगते की ईमेल त्या डोमेनवरून आला. ते डोमेन भामट्याने स्वतः नोंदवलेले, मिळतेजुळते असू शकते. पेपालच्या खऱ्या खात्यातून खोटी बिले पाठवण्याचे प्रकारही घडले. ती पाठवणारी यंत्रणा अस्सल होती, बिल तेवढे खोटे. दुसरा आक्षेप असा की बहुतेक फिशिंग आजही ओबडधोबड असते, मग खुणा शिकवण्यात काय वाईट? खुणांनी ढोबळ नकला पकडल्या जातात हे मान्यच आहे. मात्र त्यामुळे खूण दिसली नाही की ईमेल खरा, असा उलटा निष्कर्ष मनात रुजतो, आणि सफाईदार नक्कल नेमकी त्याच भरवशावर जगते. शुद्ध, नीटनेटकी भाषा आता यंत्राकडून कोणालाही लिहून घेता येते, त्यामुळे शुद्धलेखनाच्या खुणेवर विसंबणे तर आणखीच धोक्याचे झाले आहे.

मग निभाव कशामुळे लागला? मुंबईत मुख्यालय असलेल्या युनियन बँक ऑफ इंडियाचे २०१६ चे प्रकरण पाहा. रिझर्व्ह बँकेकडून आल्यासारख्या दिसणाऱ्या ईमेलला जोडलेली फाइल उघडली गेली, हल्लेखोर आत शिरले आणि जुलैमध्ये सुमारे १७ कोटी डॉलर परदेशी वळवले गेले. ईमेल ओळखता आला नाही. पण परदेशातील खात्यांचा ताळमेळ घेताना तफावत लगेच उघडी पडली आणि पैसा परत मिळवता आला. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या किमान ७६ कर्मचाऱ्यांना ऑक्टा या लॉगिन सेवेच्या नावाने बनावट संदेश आले. ते ईमेलऐवजी फोनवर आले, एवढाच फरक. तिघांनी पासवर्ड टाकलाही, तरी हल्लेखोर आत येऊ शकले नाहीत, कारण तिथे लॉगिनसाठी प्रत्यक्ष सुरक्षा-किल्ली लागत होती आणि ती किल्ली खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. माणूस फसला तरी किल्ली खोट्या पानाला दाद देत नाही. दोन्ही ठिकाणी वाचवले ते स्वतंत्र वाटेने होणाऱ्या पडताळणीने.

प्रत्येक सूचनेची अशी पडताळणी करत बसलो तर काम कधी होणार, हा तिसरा आक्षेप व्यवहारी आहे. पण पडताळणी सगळ्या सूचनांची करायची नाही. पासवर्ड, पैसे, बँक खात्यातील बदल किंवा नवी परवानगी मागणाऱ्या ईमेलपुरतीच ती हवी. तिथेही लिंक सोडून स्वतःच्या ब्राउझरमधून ती सेवा उघडायची, किंवा आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करायचा. याला दोन मिनिटे लागतात. यातला मोठा वाटा मात्र संस्थांनी उचलायला हवा: ईमेलमधल्या लिंकवरून पासवर्ड मागणे बंद करावे, सुरक्षा-किल्ल्या द्याव्यात, आणि शंका विचारणाऱ्या किंवा चूक लगेच कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला दोष देऊ नये. फसलेल्या माणसाला वेंधळा ठरवणे सोपे असते, पण ज्या व्यवस्थेने त्याला वर्षानुवर्षे लिंक दाबायला शिकवले, तिची जबाबदारी तेवढ्याने संपत नाही. आमच्यापैकी कोणीही पासवर्ड विचारणार नाही, हे वचन अमेरिका ऑनलाइनने नव्वदच्या दशकातच दिले होते. आजच्या प्रत्येक कार्यालयाने ते द्यावे आणि आपल्या रोजच्या सूचनांमध्ये पाळूनही दाखवावे. त्यानंतरच कर्मचाऱ्याकडून सावधपणाची अपेक्षा करणे न्याय्य ठरेल.