बावटा दिसतो, वारा कधी सुटणार?

परवा कपाट आवरताना 2022 ची वही सापडली. 8 एप्रिलच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय : "पुढची मीटिंग जूनमध्ये. तोवर घाई नाही." मुलीच्या फीचे पैसे मी गिल्ट फंडात, म्हणजे सरकारी रोख्यांत ठेवले होते.

4 मेला रिझर्व्ह बँकेने जूनची वाट न बघता भर दुपारी रेपो दर 4 वरून 4.40 टक्क्यांवर नेला. सेन्सेक्स 1300 हून जास्त अंकांनी पडला. दहा वर्षांच्या रोख्याचं यील्ड 7.38 टक्क्यांच्या आसपास गेलं. यील्ड वर की रोख्याचा भाव खाली, हे गणित मला पाठ होतं! फी भरली, पण बायकोच्या ठेवीला हात लावून.

खुणा नव्हत्या का? होत्या की. मार्चची महागाई 6.95 टक्के आली होती, यील्ड एप्रिलमध्येच 7 च्या वर गेलं होतं. दिशा मी ओळखली, दिवस मात्र कॅलेंडरवरून ठरवला.

तेव्हापासून जुना इतिहास वाचायची खोड लागली, आणि तो निघाला आमच्याच नदीकाठचा. आमच्या रेवदंड्याच्या खाडीला येऊन मिळते ती कुंडलिका, आणि तिच्याच काठी वर रोहा. चिंतामणराव देशमुखांचा जन्म 1896 मध्ये महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्याचं. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तो स्वस्त पैशाचा काळ. 1946 मध्ये सरकारने साडेतीन टक्क्यांचे जुने कागद बदलून तीन टक्क्यांचं कर्ज काढलं, तेही 1986 पर्यंत परत मागता न येणारं. बँक रेट 1935 पासून 3 टक्क्यांवर जणू खिळा मारून ठेवला होता.

1950 मध्ये कोरियाचं युद्ध पेटलं, भाव चढले. दिवाळीनंतर पीक बाजारात आलं की बँकांना पैसा लागे. मग त्या आपले रोखे रिझर्व्ह बँकेला विकत. मार्च 1951 मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने रोख्यांचे भाव धरून ठेवण्याचं बंधन सोडलं. 7 नोव्हेंबरला लंडनने दर 2 वरून अडीच केला. आणि 15 नोव्हेंबर 1951 ला आपला बँक रेट साडेतीन झाला. गव्हर्नर होते बेनेगल रामा राव, अर्थमंत्री आपले चिंतामणराव.

अर्धा टक्का तो काय! पण खरी मेख सोबतच्या वाक्यात होती : हंगामासाठी म्हणून रिझर्व्ह बँक यापुढे रोखे विकत घेणार नाही, खास कारण असेल तरच. हवं तर कर्ज घ्या, साडेतीनने. हक्काचं गिऱ्हाईकच उठून गेलं, आणि रोख्यांचे भाव घसरले. ढोबळ हिशेब करा : शंभरावर कायम तीन रुपये देणारा कागद, आणि बाजार मागतोय साडेतीन टक्के. त्या कागदाची किंमत उरते साधारण 86.

लंडनची खूण आठ दिवस आधी सगळ्यांना दिसत होती. सोळा वर्षं न हललेला दर हलणार नाही, या सवयीने मात्र ती झाकली असावी. माझं कॅलेंडर तरी दुसरं काय होतं?

बंदरावर बावटा चढला की आमचे कोळी होड्या ओढून घेतात. वारा नेमका किती वाजता सुटेल, यावर पैज लावत नाहीत. शिवाय बावट्याकडे बघून वादळ आपली वाट बदलत नाही. बाजार बदलतो. सगळ्यांना दिसलेली खूण भावात आधीच शिरलेली असते, धक्का देतं ते न दिसलेलं.

असो. आता दोन वर्षांच्या आत लागणारा पैसा मी लांबच्या रोख्यांत ठेवत नाही. खुणा अजूनही वहीत टिपतो, पण आधी होडी ओढून घेतो.