दारचा आंबा

स्मरणिका समितीने सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं म्हणून मी पंचवीस वर्षांची इतिवृत्तं काढून बसलो. नोंदणी, पाण्याची टाकी, गच्चीची गळती, पार्किंग हे सगळं त्यात आहेच. त्याचा आढावा याच अंकात दुसरीकडे आला आहे. पण वह्या चाळताना एक विषय सारखा डोळ्यांपुढे येत राहिला. जवळजवळ प्रत्येक वार्षिक सभेत तो निघाला आणि दर वेळी 'पुढील सभेत विचार व्हावा' असं लिहून पुढे ढकलला गेला. त्यातल्या बऱ्याच नोंदी माझ्याच अक्षरात आहेत, कारण तेव्हा सचिव मीच होतो. तो विषय म्हणजे अ विंगच्या मागचा रायवळ आंबा. गेल्या पाच वर्षांत राहायला आलेल्यांनी तो पाहिलेला नाही. त्यांच्यासाठी, आणि थोडं माझ्या मनावरचं ओझं उतरवण्यासाठी, हा त्याचा इतिहास.

आपलं नागोठणं तसं जुन्या गोष्टी सांभाळणारं गाव. अंबा नदीवरचा दगडी पूल १५८० च्या सुमाराला चौलच्या काझी अल्लाउद्दीन यांनी बांधला असं गॅझेटिअर सांगतं. बंदराचं हे गाव पुढे आयपीसीएलच्या प्रकल्पामुळे कारखान्याचं झालं. बाहेरगावची माणसं आली, भाड्याच्या खोल्या पुरेनात, आणि कारखान्यातले, बँकेतले, शाळेतले असे आम्ही काही जण एकत्र येऊन सोसायटी उभी राहिली. जागा पाहताना सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच होता, इथे पुराचं पाणी येतं का? १९८९ च्या जुलैत याच नदीने वर जांभूळपाड्यात केलेला हाहाकार कोणी विसरलं नव्हतं. जागा उंचावर होती. आणि त्या जागेत आंबा होता. पहिल्या बैठका त्याच्याच सावलीत सतरंजी टाकून झाल्या. इमारतीचा नकाशा करताना तो वाचावा म्हणून अ विंग थोडी पुढे सरकवली. तरी भिंत आणि खोड यांत जेमतेम बारा फूट राहिले.

पहिली काही वर्षं आंब्याचं कौतुकच होतं. मे महिन्यात पोरं पाडाला टपलेली असायची, कैऱ्या विंगवार वाटल्या जायच्या. पावसाळ्यात मात्र चिखल व्हायचा. म्हणून आवारात काँक्रीट टाकलं, ते थेट खोडापर्यंत. दोन वर्षांनी सांडपाण्याची लाइन बदलली. त्यासाठी झाडाच्या मागून, इमारतीपासून लांबच्या बाजूने चर खणला. मांडीएवढी मुळं आडवी आली, ती तोडली. त्या दिवशी मी तिथे उभा होतो. चर सरळ जातोय ना एवढंच मी पाहत होतो. झाड ज्या बाजूला कलतं, त्याच्या विरुद्ध बाजूची मुळं त्याला दोरासारखी मागे धरून ठेवतात, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. म्हणजे पुढे 'धोकादायक झाड' म्हणून ज्याची नोंद झाली, ते तसं आपोआप झालं नव्हतं. त्यात आपला हात होता.

पहिला लेखी अर्ज आला तो तळमजल्यावरच्या काकांचा. रात्री वाऱ्यात फांदी स्वयंपाकघराच्या छज्ज्यावर घासते, बुंध्याला भोक दिसतं, तरी कृपया पाहणी व्हावी. पाहणी झाली. भोकातून भुसा गळत होता. भिरूड लागलेली होती. आम्ही औषध ओतलं, भोक सिमेंटने बुजवलं आणि काम झालं असं समजलो. सिमेंटने भोक दिसेनासं होतं. आतली कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. पुढच्या पावसाळ्यात बुंध्यापाशी अळंबीचे थर आले.

त्यानंतर दर सभेत वाद. एक बाजू म्हणायची तोडा, दुसरी म्हणायची छाटा, आणि तिसरी म्हणायची हातही लावू नका. तिसऱ्या बाजूचा पुढारी मी. पनवेल–इंदापूर महामार्गाच्या रुंदीकरणात रस्त्याकडेची जुनी झाडं पडताना आपण सगळ्यांनीच पाहिली. मी पेशाने इतिहासाचा शिक्षक. सभेत उभा राहून रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सांगायचो. आरमाराला लाकूड लागतं, तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. टाळ्या पडायच्या. विषय पुढील सभेत.

काकू एकदा सभा संपल्यावर जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "सर, तुमचं बरोबर आहे. पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत आम्ही मागच्या खोलीत झोपत नाही. चौघंही पुढच्या खोलीत, एकाच रांगेत." मी ब विंगमध्ये राहतो. माझ्या खिडकीतून आंबा दिसायचा, सावली यायची, कोकीळ ऐकू यायची. तो पडला असता तर माझ्या घरावर पडणार नव्हता. सावली सगळ्यांची होती आणि धोका एका घराचा. हे मला त्या जिन्यात कळायला हवं होतं. मी म्हणालो, "बघू या, वहिनी."

२०१७ च्या जुलैत चेंबूरला सकाळी चालायला निघालेल्या एका महिलेवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात त्या गेल्या. ती बातमी आल्यावर मात्र समिती हलली. आपले दुसऱ्या मजल्यावरचे काका, कारखान्यात आयुष्यभर अवजड सामान उचलण्याचं काम केलेले रिगिंगचे निवृत्त फोरमन, त्यांनी पुढाकार घेतला. लाकडी हातोड्याने खोड ठोकत फिरले. एका बाजूला टणक आवाज, दुसऱ्या बाजूला ढोलासारखा. पोकळीतून सळई घालून पाहिली. खोडाचा घेर अकरा फूट, म्हणजे त्रिज्या साधारण एकवीस इंच. निरोगी लाकडाचा थर त्रिज्येच्या एक तृतीयांश तरी उरावा असा ठोकताळा आहे, म्हणजे सात इंच. इथे चारच उरले होते. त्यांनी ओळंबा लावून झुकाव मोजला आणि भिंतीवर खडूने खूण केली. दर महिन्याला बघायचं ठरलं. आम्ही इमारतीकडच्या काही फांद्या हलक्या केल्या. पण मुख्य निर्णय पुन्हा पुढे गेला.

मग ३ जून २०२० आली. निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी एकशे दहा ते एकशे वीस किलोमीटरचा वारा. रायगड जिल्ह्यात त्या दिवशी किती बागा आडव्या झाल्या आणि किती विजेचे खांब वाकले, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपला आंबा पडला नाही. पण चारच्या सुमाराला फोरमनकाका छत्री न घेताच खाली गेले आणि ओरडतच वर आले. झाडामागचं काँक्रीट हातभर वर उचललं गेलं होतं, त्याखाली तुटलेल्या मुळांची पोकळी दिसत होती, आणि ओळंब्याची खूण वीतभर सरकली होती. झाड इमारतीकडे यायला निघालं होतं.

तळमजल्यावरचं घर त्याच संध्याकाळी रिकामं केलं. कोरोनाचे दिवस; माणूस माणसाला दारात घेत नव्हता. तरी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मागचा-पुढचा विचार न करता आपली एक खोली दिली. या पंचवीस वर्षांत सोसायटीने केलेल्या चांगल्या कामांची यादी करायची तर मी हे पहिलं लिहीन.

सभा घेणं शक्य नव्हतं. मास्क लावून मी घरोघर फिरून सह्या घेतल्या. 'तोडू नये' म्हणणाऱ्यांच्या सह्या मीच आणायच्या, असं समितीने ठरवलं आणि ते योग्यच होतं. परवानगीचा भाग इथे मुद्दाम लिहितो, कारण अनेकांना वाटतं की आपलं झाड, आपण केव्हाही तोडू. शहरांसाठी १९७५ चा वृक्ष कायदा आहे. आपल्यासारख्या ग्रामपंचायतीच्या गावात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा लागतो. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, ऐन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या जागेत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जीविताला किंवा मालमत्तेला धोका हे परवानगीचं मान्य कारण आहे. आम्ही फोटो, मापं आणि सह्या जोडून अर्ज दिला, पाहणी झाली, बदल्यात झाडं लावण्याची अट घालून परवानगी मिळाली.

त्या काळात जो तो कुऱ्हाड घेऊन आपापलं झाड तोडत होता. एक टोळी आपल्याकडेही आली, दोन तासांत पाडतो म्हणाली. फोरमनकाकांनी त्यांना परत पाठवलं. त्यांचा हिशेब साधा होता. फूटभर जाडीची, दहा फूट लांब ओली फांदी दोनशे किलोच्या घरात जाते. पोकळ, मुळं सुटलेल्या झाडावर माणूस चढवायचा नाही; आणि इमारत बारा फुटांवर असताना अख्खं झाड पाडायचं नाही. ते तुकड्या-तुकड्याने खाली आणायचं.

कामाच्या दिवशी आधी अ विंग पूर्ण रिकामी केली. वीज गेलेलीच होती, पण ती कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून महावितरणला सांगून लाइन बंद असल्याची खात्री करून घेतली. आवाराला दोर बांधला आणि आत फक्त काम करणारे. झाडाला दोन बाजूंनी तारेचे दोर बांधून चेन पुलीने मागे ताण दिला, तो इमारतीच्या विरुद्ध दिशेला. मग मागच्या मोकळ्या जागेत हायड्रा उभा राहिला. प्रत्येक फांदीला आधी हायड्राचा पट्टा, मग करवत. कापणारा माणूस झाडावर चढला नाही. इमारतीलगत बांधलेल्या परांचीवर तो उभा होता आणि त्याच्या कमरेचा दोर गच्चीच्या कॉलमला होता. फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून. नाहीतर ती साल सोलत खोडापर्यंत फाटत जाते. इशारा द्यायचा तो एकाच माणसाने. बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. आपल्या सोसायटीत हा नियम तेवढा एकदाच पाळला गेला.

शेवटी पंधरा फुटांचं खोड उरलं. आता ते पाडायला मागे जागा होती. पडायच्या बाजूने पाचरीसारखी खाच, मग विरुद्ध बाजूने थोडा वर काप, आणि मधे लाकडाची एक पट्टी न कापता ठेवलेली. ती पट्टी बिजागरीसारखी वळते आणि खोडाला दिशा देते. पोकळ खोडात ती धरेल की नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून तारेचे दोर शेवटपर्यंत ताणलेले होते. काम दोन दिवस चाललं. छज्ज्याचा कोपराही फुटला नाही, कोणाला खरचटलंही नाही.

पहिली करवत लागायच्या आधी काकूंनी नारळ फोडला, खोडाला हळद-कुंकू लावलं आणि पदराने डोळे पुसले. इतकी वर्षं झाड तोडा म्हणून अर्ज करणारं घर ते. 'झाड वाचवा' म्हणणारा मी बाजूला हात बांधून उभा होतो. वय मोजू म्हणून मी नंतर बुंध्याशी गेलो, तर मधली वलयंच उरली नव्हती, नुसता काळा भुसा.

त्या रात्री आज्ञापत्र पुन्हा काढलं. आंब्या-फणसाचा तो उतारा मी इतकी वर्षं अर्धाच सांगत आलो होतो. पुढे अमात्य असंही म्हणतात की एखादं झाड फार जीर्ण होऊन कामातून गेलं असेल, तर धन्याला राजी करून, त्याला मोल देऊन, तोडून न्यावं. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला झाडाची माया होती आणि म्हातारं झाड ओळखायची अक्कलही होती. मी सभेत मायेचं तेवढं सांगितलं. त्याचं मोल चार माणसं, दर पावसाळ्यात, पुढच्या खोलीत एका रांगेत झोपून देत होती.

तळमजल्यावरच्या काकांचा पहिला अर्ज फाइलमध्ये अजून आहे. कोपऱ्यात माझी सही आणि शेरा, 'पुढील सभेत विचार व्हावा'. त्या घराची मी या अंकातून जाहीर माफी मागतो.

परवानगीच्या अटीप्रमाणे लावलेली आंब्याची दोन आणि जांभळाचं एक झाड मागच्या कुंपणाशी आहेत, इमारतीपासून चाळीस फुटांवर. त्यांच्याभोवती काँक्रीट टाकायचं नाही आणि मुळांशी चर खणायचा नाही, असा ठराव झालेला आहे. दर मे महिन्यात आवारातल्या प्रत्येक झाडाची पाहणी होते. हातोडा, सळई आणि ओळंबा कार्यालयाच्या कपाटात आहेत. फोरमनकाका आता ऐंशीला टेकलेत. यंदाच्या पाहणीला तरुण मंडळींनी त्यांच्याबरोबर फिरावं आणि हातोड्याचे ते दोन आवाज आपल्या कानांनी ऐकून घ्यावेत.