मातीचा मावळा आणि भाताचा मावळा

दिवाळी जवळ आली की आमच्या लोणावळ्याच्या बाजारात मावळे विकायला येतात. एका हातात तलवार, दुसऱ्या हातात ढाल, ओठावर मिशांचे आकडे आणि चेहऱ्यावर कुणाला तरी आत्ताच कापून काढल्याचा भाव! पूर्वी ते मातीचे असत, आता बहुधा प्लॅस्टरचे असतात; पण ऐट तीच. मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर आळीव पेरतात आणि बुरुजाबुरुजावर हा गडी उभा करतात. वर्गात मी विचारले, "मावळा म्हणजे कोण रे?" तर पोरे एका सुरात म्हणाली, "शिवाजी महाराजांचा सैनिक!" उत्तर चुकीचे नव्हे. परंतु वर्गातील निम्मीअधिक पोरे आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातली. त्यांतल्या एकालाही 'माझा आजा' असे म्हणावेसे वाटले नाही, याचे मला नवल वाटले.

मावळ म्हणजे सूर्य मावळतो ती दिशा. पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत नद्यांनी जी खोरी कोरली, ती बारा मावळे. आजच्या मावळ तालुक्यात त्यांतली वरची तीनच येतात. बाकीची मुळशी, वेल्हे, भोर या बाजूला पसरली आहेत. या खोऱ्यांत राहणारा तो मावळा. ती काही जात नव्हे. त्यात कुणबी होते, महादेव कोळी होते, धनगर होते; गडांच्या राखणीला रामोशी, महार, मांग होते. बाजीप्रभू देशपांडे हिरडस मावळातले कायस्थ प्रभू. प्रतापगडाखाली महाराजांवरचा वार चुकवणारे जिवा महाला न्हावी. बाजारातल्या मूर्तींचा साचा मात्र एकच.

आणि हा माणूस बारा महिने तलवार घेऊन फिरत नव्हता. त्याचा खरा मोसम मृगापासून सुरू होई. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस पडला की रोपे टाकायची, चिखलात आवणी करायची. उतारावर नाचणी आणि वरी. पाठीवर ढाल नव्हे, इरले! दिवाळीच्या सुमारास भात कापायचे. महाराजांना हे पुरते ठाऊक होते. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना 1673 च्या सुमारास त्यांनी धाडलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणा-वैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात उपास पडतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरात शिराल, आणि मोगल बरे असे लोकांना वाटेल, अशी त्यातली ताकीद आहे. कुणब्याच्या कणगीची एवढी काळजी वाहणारा राजा त्याच्यासाठी लोक का मेले, हे पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही लढाईपेक्षा अधिक स्पष्ट सांगतो.

ग्रँट डफ या स्कॉटिश अधिकाऱ्याने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला. मावळे दिसायला गबाळे नि मठ्ठ, परंतु सवयीच्या कामात चपळ, हुशार, आणि विश्वासाच्या जागी अतिशय इमानी, असे महाराजांचे मत होते, म्हणून तो सांगतो. मत महाराजांचे असो की साहेबाचे. त्या वर्णनात निदान शेतातून उठून आलेला माणूस तरी दिसतो. पुढे नाटक-सिनेमांनी तो शेतकरी पुसून टाकला.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ऑस्ट्रेलियन म्हटला की रुंद काठाची टोपी घातलेला, ओसाड रानात मेंढरे हाकणारा रांगडा गडी डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात त्या देशातली बहुतेक माणसे समुद्रकाठच्या शहरांत राहतात. रसेल वॉर्ड नावाच्या इतिहासकाराने 1958 साली 'ऑस्ट्रेलियन लीजंड' लिहून ते चित्र मुळात कुठून आले याचा माग काढला. आपल्याकडे मावळ्याच्या चित्राचा माग कुणी काढत नाही; जो तो फक्त त्याला रंग देतो.

चित्र आणि माणूस यांची गाठ एकदा मात्र मुळशीत पडली. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांनी 1910 साली वीज कंपनी काढली, लोणावळ्याच्या आसपास तलाव बांधले, आणि 1915 साली खोपोलीहून मुंबईला वीज गेली. त्यानंतर मुळशीला, नीळा-मुळा खोऱ्यात धरण आखले गेले. भाताची अव्वल जमीन पाण्याखाली जाणार होती. 1921 च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. पुण्याच्या व्याख्यानांतून या शेतकऱ्यांचा शिवरायांचे मावळे म्हणून गौरव होऊ लागला. पण त्याच मावळ्यांच्या कित्येक जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या, आणि अनेक सावकारांना नुकसानभरपाईचे रोख पैसे अधिक गोड वाटले. आंदोलन थकत गेले. अखेर पांडुरंग महादेव बापटांनी आडगाडी अडवून शस्त्र उचलले, 1924 साली ते पकडले गेले आणि सात वर्षांच्या शिक्षेवर गेले. सेनापती ही पदवी त्यांना या लढ्याने दिली. धरण झाले, आणि मावळ्याच्या खाचरांवर उभ्या राहिलेल्या पाण्याने मुंबईचे दिवे लागले.

1972 साली पवना धरण पुरे झाले तेव्हाही पवन मावळातल्या गावांना उठावे लागले. मग पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचे ठरले. 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तीन माणसे मेली. त्यांत एक बाई होती. ऑगस्ट म्हणजे आवणी उरकण्याचे दिवस. 2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले; त्यात आमचा लोहगडही आहे. आनंद मलाही झाला. पण लोहगडाच्या माथ्यावरून पवनेचा जलाशय लखलखीत दिसतो, आणि शाळेची सहल नेली की मी मुलांना आधी तोच दाखवतो. बुडालेली गावे पोरांना दिसत नाहीत. त्यांची नावे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून या, असे सांगतो. काही पोरे विचारून येतात.

उरलेला मावळा मुंबईला गेला. महादू हावजी बच्चे यांनी 1890 साली डबे पोचवण्याचा धंदा उभा केला, आणि तेव्हापासून मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर इकडचे गडी पांढऱ्या टोपीने लोकांचे जेवण वाहत आले. 2003 साली इंग्लंडचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले, आणि त्यांचेही एक चित्र तयार झाले: कधी न चुकणारा डबेवाला. व्यवस्थापनाच्या वर्गांत आता त्याचे दाखले देतात. तो स्वतःला महाराजांचा मावळा म्हणवतो, आणि तसे म्हणायचा त्याचा हक्क माझ्या मते बाजारातल्या त्या प्लॅस्टरच्या गड्याहून मोठा आहे. चैत्रात गावच्या जत्रा आल्या की हे डबेवाले एकदम पाचसहा दिवसांची सुट्टी घेतात. मुंबईतल्या कचेऱ्या त्या आठवड्यात जेवणाची दुसरी सोय पाहतात, आणि इकडे देवाची पालखी गावच्याच माणसांच्या खांद्यावर निघते.